सूर्यप्रकाशावर वाहनांचे जलद चार्जिंग : गावपातळीवरील हिशेब

धाराशिव जिल्ह्यातील भूम तालुका दूध आणि खवा यांच्या व्यवसायासाठी प्रसिद्ध आहे. हा माल बाजारपेठेत नेणारी लहान वाहने उद्या विजेवर धावू लागली, तर तालुक्यातील ईटसारख्या गावी ती चार्ज कोठे करावयाची, हा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. राज्याच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणानुसार राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरवर जलद चार्जिंगची सोय व्हावयाची आहे. महामार्गापासून दूरच्या गावांसाठी पारेषणविरहित, म्हणजेच वीजजाळ्याशी न जोडलेल्या, सौर केंद्राचा विचार करता येईल. तथापि तसा ठराव करण्यापूर्वी त्यामागील हिशेब समजून घेणे अगत्याचे आहे.

मोटारीची ४० युनिटांची बॅटरी २० टक्क्यांवरून ८० टक्क्यांपर्यंत भरण्यास २४ युनिट वीज लागते. ५० किलोवॉटचा चार्जर हे काम सुमारे अर्ध्या तासात करतो. एवढी वीज थेट सौर पॅनेलमधून घ्यावयाची तर ५० किलोवॉटहून अधिक क्षमतेची पॅनेल आणि पाच गुंठ्यांहून अधिक जागा लागेल. शिवाय ती वीज ऐन दुपारीच मिळेल, आणि ढग येताच चार्जिंग मंदावेल.

यावर उपाय साठवणीचा. गावचा जलकुंभ लहान पंपाने दिवसभर भरतो आणि नळांवाटे तासाभरात रिकामा होतो. चार्जिंग केंद्रातील मोठी बॅटरी नेमके हेच कार्य करते. २० किलोवॉटची पॅनेल सुमारे दोन गुंठे जागेत बसतात व स्वच्छ उन्हात दिवसाकाठी ८० युनिटांच्या आसपास वीज देतात. साठवणीतील घट वजा जाता ७० युनिट हाती राहतात. त्यांतून सुमारे तीन मोटारी किंवा तीन युनिटांच्या बॅटरीची वीसहून अधिक दुचाकी वाहने चार्ज होतील. चौथ्या मोटारीस मात्र दुसऱ्या दिवसाची वाट पाहावी लागेल.

पावसाळ्यात आकाश अभ्राच्छादित असताना हे उत्पादन बरेच घटते. त्या वेळी डिझेल जनरेटर लावल्यास मूळ हेतूच विफल होतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील लॉस्ट हिल्स येथे २०२५ मध्ये सुरू झालेल्या मोठ्या सौर चार्जिंग केंद्रात ११ मेगावॉटची पॅनेल व ३९ मेगावॉट-तासांची साठवण आहे. तरीही तेथे वीजजाळ्याची लहान जोडणी ठेवलेली आहे. सबब जेथे वीजवाहिनी पोहोचली आहे, तेथे लहान जोडणी घेऊन बॅटरी सावकाश भरीत राहणे, हा अधिक भरवशाचा मार्ग होय.

रात्रभर घरी उभ्या राहणाऱ्या दुचाकी व तीनचाकी वाहनांना तर जलद चार्जिंगची आवश्यकताच नसते. साध्या जोडणीवर त्यांचे काम भागते. म्हणून ग्रामपंचायतीने प्रथम गणना करावी. गावात कोणती वाहने किती आहेत? ती किती वेळ उभी असतात? त्यांपैकी किती वाहनांना अर्ध्या तासात पुढे निघणे भाग असते? बॅटरीचे आयुष्य संपल्यावर ती बदलण्याचा खर्च कोण सोसणार? या प्रश्नांची उत्तरे ग्रामसभेपुढे मांडूनच केंद्राचा आकार निश्चित करणे हिताचे ठरेल.