होडी कोणत्या दिशेला उलटली?

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या उत्तर भागात होपव्हेल नावाचं गाव आहे. तिथली मूळ भाषा गूगू यिमिथिर. (१७७० साली कॅप्टन कुकच्या माणसांनी ‘कांगारू’ हा शब्द उचलला तो हिच्यातूनच.) १९८० साली तिथल्या एका जुन्याजाणत्या कथेकऱ्यानं मानववंशशास्त्रज्ञ जॉन हॅविलंड यांच्या कॅमेऱ्यासमोर आपली होडी कशी उलटली ती गोष्ट सांगितली. तो पश्चिमेला तोंड करून बसला होता. उलटणारी होडी दाखवताना त्याचे हात अंगापासून पुढे गेले. दोन वर्षांनी भाषाशास्त्रज्ञ स्टीफन लेव्हिन्सन यांनी तीच गोष्ट पुन्हा चित्रित केली. या वेळी त्याचं तोंड उत्तरेला होतं आणि हात फिरले उजवीकडून डावीकडे. विसरला म्हणावं, तर तसं नाही. दोन्ही वेळा होडी पूर्वेकडून पश्चिमेकडेच उलटली होती!

या भाषेत ‘जरा डावीकडे सरक’ म्हणायची सोयच नाही. ‘जरा पूर्वेला सरक’ असंच म्हणावं लागतं, मग घरात असा नाहीतर अंधारात. डावं-उजवं ही तिथे फक्त हातांची नावं. म्हणजे तोंड उघडायचं तर दिशांचं भान सतत जागं हवं. शिवाय कुठला प्रसंग पुढे कधी सांगावा लागेल याचा नेम नसतो, त्यामुळे आठवणीसुद्धा दिशेसकटच साठवाव्या लागतात.

त्याच भागातल्या पॉर्मपुराव वस्तीत कूक थायोरे बोलणाऱ्यांवरचा एक प्रयोग २०१० साली लेरा बोरोडित्स्की आणि अ‍ॅलिस गॅबी यांनी प्रसिद्ध केला. माणूस म्हातारा होत जातो अशी चित्रं क्रमानं लावायला सांगितली. इंग्रजी बोलणारे ती डावीकडून उजवीकडे लावतात, हिब्रू बोलणारे उलट. इथे मात्र बरेच जण पूर्वेकडून पश्चिमेकडे लावत गेले. दक्षिणेला तोंड असेल तर डावीकडून उजवीकडे, उत्तरेला असेल तर उजवीकडून डावीकडे, आणि पूर्वेला असेल तर थेट स्वतःच्या अंगाकडे. कोणत्या दिशेला बसलात, हे त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं.

यावर वाद आहेच. हा प्रताप भाषेचा नसून मोकळ्या रानातल्या जगण्याचा, असं काही अभ्यासक म्हणतात. त्यात तथ्य असेलही. उगवत-मावळत आपल्या शेतकऱ्यालाही पक्की ठाऊक असते. पण मराठीत दिशा न सांगताही काम भागतं, तिथे भागत नाही. मला वाटतं, खरी मेख इथेच आहे. कुठल्याही भाषेत काहीही सांगता येतं. फरक पडतो तो ती काय सांगायला भाग पाडते याचा, असं भाषाशास्त्रज्ञ रोमान याकॉबसन यांनी १९५९ सालीच लिहून ठेवलं होतं.

मराठीही सक्ती करतेच. ‘आपण निघू या’ आणि ‘आम्ही निघतो’ यांतलं एक निवडताना, ऐकणारा सोबत येणार की नाही हे आधी ठरवावंच लागतं. हिंदीत नुसतं ‘हम’ म्हणून वेळ मारून नेता येते. मराठी यजमानाला मात्र लगेच कळतं, चपला घालायच्या की दारापर्यंत पोचवून परतायचं.