चरकाभोवतीची मंडळी

लंडन शहरातील कातारी लोकांच्या श्रेणीला इ. स. १६०४ मध्ये पहिल्या जेम्स राजाने सनद दिली, तेव्हा तो व्यवसाय काही नव्याने जन्माला आलेला नव्हता; त्यापूर्वी निदान तीनशे वर्षे त्या शहराच्या दप्तरात कातारी लोकांचा उल्लेख आढळतो, आणि तो बहुधा मापांच्या संदर्भात असतो. ज्या मापाने मद्य विकले जाई ते माप लाकूड कातून बनविलेले असे, आणि मापात खोट निघाली तर गिऱ्हाइकाच्या नुकसानीइतकाच शहराच्या अब्रूचाही प्रश्न उपस्थित होई. म्हणून कोणत्या आकाराची मापे करावीत आणि कोणती करू नयेत, याविषयी चौदाव्या शतकाच्या आरंभीच शहराच्या अधिकाऱ्यांनी कातारी लोकांना शपथेने बांधून घेतले होते. राजाच्या सनदेने या जुन्या रिवाजाला अधिक बळकटी आली. अशा श्रेणींत उमेदवारी सामान्यतः सात वर्षांची असे, मालाची तपासणी श्रेणीचेच मुखत्यार लोक करीत, आणि हत्यार कसे धरावे, धार कोणत्या कोनाने लावावी, ओले लाकूड कसे मुरवावे, ही विद्या वस्तादाच्या घरातून बाहेर जाऊ नये अशीच एकंदर व्यवस्था होती. विद्या हेच जेथे उदरनिर्वाहाचे वतन, तेथे ती राखून ठेवण्यात अस्वाभाविक असे काही नव्हते. पण या राखणीची किंमत पुढे त्या कलेलाच मोजावी लागली.

ती कशी मोजावी लागली, याचे एक उदाहरण बर्कशर परगण्यातील बकलबरी गावी घडले. तेथे जॉर्ज लेली नावाचा एक कातारी एल्म वृक्षाच्या ओंडक्यातून जेवणाची भांडी कातीत असे. त्याचा चरक पायाने चालविण्याचा होता: डोक्यावर एक लवचीक काठी, तिला बांधलेली दोरी लाकडाला वेढा घालून खालच्या पायट्याला जोडलेली, पाय दाबला की लाकूड कातणाऱ्याच्या दिशेने फिरे आणि तेवढ्या अवधीत हत्यार टेकवायचे, पाय उचलला की काठी दोरी परत ओढून घेई आणि लाकूड उलट फिरे, तेव्हा हत्यार मागे घ्यायचे. या साधनावर वाकड्या टोकाच्या हत्यारांनी लेली एकाच ओंडक्यातून एकात एक बसणारी कित्येक भांडी काढीत असे, म्हणजे मोठ्या भांड्याच्या पोटातले लाकूड भुसा होऊन वाया न जाता त्यातूनच धाकटे भांडे जन्माला येई. १९५८ साली तो वारला आणि या रीतीने पोट भरणारा इंग्लंडातील अखेरचा कातारी गेला. त्याचा चरक आणि हत्यारे रेडिंग येथील ग्रामजीवनाच्या संग्रहालयात पोहोचली. पण ती हत्यारे कशी चालवावीत हे सांगणारा कोणी मागे राहिला नव्हता. पुढे रॉबिन वुड या कारागिराने त्या मूक अवजारांचे निरीक्षण करून, तशीच अवजारे स्वतः घडवून ही विद्या पुन्हा हस्तगत केली, हे त्याच्या चिकाटीचे फळ होय. लेली गेला त्याच सुमारास चिल्टर्न टेकड्यांतील बीच वृक्षांच्या वनात बसून हाय विकमच्या कारखान्यांसाठी खुर्च्यांचे पाय कातणारे कारागीरही एकेक करून अस्तास गेले.

धंदा गेला, पण कला नष्ट झाली नाही, आणि ती जगविली कोणी, तर ज्यांच्या घरची चूल तिच्यावर अवलंबून नव्हती अशा लोकांनी. विजेवर चालणारा आटोपशीर चरक घराच्या मागल्या खोलीत मावू लागला, तेव्हा शिक्षक, टपालखात्यातले कारकून, निवृत्त अभियंते, शेतकरी असे नाना प्रकारचे लोक कातकामाकडे वळले. आणि त्यांना शिकविणारा वस्ताद कोठेच नसल्यामुळे ते एकमेकांनाच शिकवू लागले. अमेरिकेत १९८६ साली आणि ब्रिटनमध्ये १९८७ साली अशा लोकांच्या राष्ट्रीय संघटना स्थापन झाल्या. अमेरिकन संघटनेचे ठाणे मिनेसोटा संस्थानातील सेंट पॉल येथे असून तिच्याशी संलग्न स्थानिक मंडळांची संख्या तीनशेच्या वर आहे. या मंडळांचा अलिखित नियम जुन्या श्रेणीच्या नेमका विरुद्ध आहे: ज्याला जे ठाऊक आहे ते त्याने सर्वांसमक्ष करून दाखवावे आणि विचारणाऱ्याला हातचे न राखता सांगावे. मला या मंडळांविषयी जो आदर वाटतो तो मुख्यतः या नियमामुळे.

मंडळाची सभा बहुधा महिन्यातून एकदा, गावच्या सभागृहात किंवा शाळेच्या कार्यशाळेत, सायंकाळी भरते. आरंभीचे कामकाज कोणत्याही संस्थेसारखे जमाखर्चाचे आणि वर्गणीचे असते, त्यात रेंगाळण्याचे कारण नाही. त्यानंतर चरक सुरू होतो. त्या दिवशीचा निमंत्रित कारागीर ओबडधोबड ठोकळा दोन टोकांमध्ये आवळतो आणि एखादा डबा, वाडगा किंवा फुलदाणी सभेच्या डोळ्यांदेखत घडवितो. पूर्वी चरकावर तिरपा आरसा टांगून मागच्या रांगेला काम दाखवीत. आता कॅमेरे आणि पडदे आले आहेत. पण प्रेक्षकांचे लक्ष पडद्याइतकेच आवाजाकडे असते, कारण धार नीट लागली असेल तर पटाशीचा एक अखंड, गुळगुळीत ध्वनी निघतो आणि लांबलचक सळसळत्या ढलप्या खांद्यावरून उडतात. धार बोथट झाली की तोच ध्वनी खरखरीत होतो आणि ढलपीच्या जागी भुकटी पडते. अनुभवी सभासद डोळे मिटूनही हा फरक सांगतो.

याच वेळी गतीचे गणितही कानावर पडते. भांड्याचा व्यास इंचांत घेऊन त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणावे आणि गुणाकार सहा हजार ते नऊ हजार यांच्या दरम्यान ठेवावा, असा या लोकांचा प्रघात आहे. म्हणजे दहा इंचांच्या वाडग्याला मिनिटाला सहाशे ते नऊशे फेरे पुरेत. ओंडका वाकडा किंवा भेगाळ असेल तर याहूनही मंद गतीने प्रारंभ करावा लागतो. तोंडावर पारदर्शक ढाल घेतल्याशिवाय चरकाशी उभे राहू नये, हा नियम मोडणाऱ्याला मंडळी तेथल्या तेथे थांबवितात. धुळीविषयीचा कटाक्ष त्याहून गंभीर आहे. हाय विकमच्या फर्निचर कारखान्यांतील कामगारांत नाकाच्या कर्करोगाचे प्रमाण विलक्षण असल्याचे तेथील वैद्यांच्या ध्यानात १९६० नंतरच्या दशकात आले, आणि १९९५ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ निश्चित कर्करोगकारक म्हणून जाहीर केली. ज्या गावाला खुर्च्यांनी नाव मिळवून दिले त्याच गावाच्या कामगारांच्या दुःखातून हे ज्ञान जगाला मिळाले, म्हणून घरगुती कातारीही आज मुखपट्टी लावून काम करतो.

परंतु सभेचा खरा प्राण म्हणजे एका बाजूस मांडलेले लांब मेज. सभासद महिन्याभरात केलेले काम आणून त्यावर ठेवतात, आणि त्यातूनच स्पर्धा होते. विषय आधी जाहीर झालेला असतो: झाकणाचा डबा, साल राखलेल्या काठाचा वाडगा, शमादानांची जोडी, एकसारख्या चार अंडेकपांचा संच. नवशिक्यांचा वर्ग निराळा आणि मुरलेल्यांचा निराळा. महिन्यामहिन्याला मिळालेल्या गुणांची बेरीज करून वर्षअखेरीस एक फिरता चषक दिला जातो. एकसारख्या वस्तूंच्या संचाचा विषय वरवर साधा दिसतो, पण मला तो सर्वांत कठीण वाटतो. एक सुंदर कप दैवयोगाने साधू शकतो. त्याच्यासारखाच दुसरा, तिसरा आणि चौथा साधायला हाताची शिस्त लागते, आणि खुर्च्यांचे पाय कातणाऱ्या जुन्या कारागिरांची सारी मातब्बरी या शिस्तीतच होती.

परीक्षक वाडगा हाती घेतो तो पहिल्यांदा पालथा करतो. वरून तर कोणीही घासून पुसून आणतो. बुडाशी पकडीचे वळ राहिले आहेत का, बैठक स्वच्छ कातली आहे का, हे पाहिल्यावर करणाऱ्याची निष्ठा कळते. मग तो काठापासून तळापर्यंत आत अंगठा आणि बाहेर बोटे फिरवितो, कारण भिंतीच्या जाडीतला चढउतार डोळ्याला फसवील पण बोटांना फसवीत नाही. नंतर भांडे उजेडात तिरपे धरून समोरासमोरच्या दोन विशिष्ट जागा तपासतो. वाडग्याचे लाकूड चरकावर आडवे बसविलेले असते. त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात दोन वेळा हत्यारापुढे रेषे उलटे आणि उभे येतात, आणि धार किंवा हात किंचितही चुकला तर नेमक्या त्याच दोन जागी ते उपटले जातात. काचकागदाने कितीही घासले तरी ती खरखर पुरती जात नाही, उलट आजूबाजूचे मऊ लाकूड झिजून भांडे बेढब होते. झाकणाच्या डब्याची परीक्षा निराळी: झाकण उचलताना आतील हवेने त्याला क्षणभर धरून ठेवावे आणि मग ते हलक्या आवाजासह सुटावे, इतकी ती बसणी नेटकी हवी. सर्वांत शेवटी आकार. बाहेरची वक्ररेषा काठापासून बैठकीपर्यंत कोठेही सपाट न होता, कोठेही न अडखळता उतरली पाहिजे.

हे सारे परीक्षक मोठ्याने बोलून दाखवितो, आणि ज्याची वस्तू असते तो तेथेच बसून ऐकतो. काही मंडळांत परीक्षकाऐवजी सर्व सभासदांच्या मतांवर निकाल लागतो. ती रीत अधिक खेळीमेळीची खरी, पण तीत दुर्मिळ, रंगीत लाकूड आणि आरशासारखी झिलई यांचे पारडे जड होते, आणि साध्या सिकॅमोरच्या लाकडातला निर्दोष आकार मागे पडतो. जाणत्याने उघडपणे केलेली चिकित्साच शिकणाऱ्याच्या उपयोगी पडते, असे माझे स्पष्ट मत आहे. चार वर्षे चाचपडून जो दोष उमगला नसता, तो त्या मेजापाशी एका वाक्यात उमगतो.

लाकडाच्या स्वभावाचाही निकाल याच मेजावर लागतो. ओले लाकूड वाळताना सर्व बाजूंनी सारखे आकसत नाही. वाढीच्या वलयांच्या अनुरोधाने ते जितके आकसते, त्याच्या सुमारे निम्मेच केंद्राकडून सालीकडे, आणि लांबीत तर जवळजवळ नाहीच. म्हणून आज गोल कातलेला ओला वाडगा पुढे लंबवर्तुळाकार होतो. यावर उपाय असा की पहिल्या वेळी भिंत व्यासाच्या दशांशाइतकी जाड ठेवावी, उभे रेषे उघडे पडतात तेथे मेण लावावे, काही महिने सावलीत वाळू द्यावे आणि मग वाकडे झालेले भांडे पुन्हा चरकावर चढवून गोल करावे. ज्याने ही सबुरी दाखविली नाही, त्याच्या डब्याचे झाकण स्पर्धेच्या दिवशी उघडत नाही.

गंभीर परीक्षेच्या जोडीला मौजेच्या स्पर्धाही असतात. सर्वांनी सारख्या ठोकळ्यातून, ठरलेल्या वेळात भोवरा कातायचा आणि कोणाचा अधिक काळ फिरतो ते पाहायचे, ही अशीच एक. अमेरिकेतील मंडळांत सोडतीत मिळालेली वस्तू घरी नेणाऱ्याने पुढल्या महिन्यात आपली एक वस्तू सोडतीसाठी आणायचीच, असा एक गोड जुलूम प्रचलित आहे. त्यामुळे कित्येक भिडस्त नवशिके प्रथमच आपले काम लोकांपुढे ठेवतात. ब्रिटनमध्ये पायाच्या चरकावर काम करणाऱ्यांच्या वार्षिक मेळाव्यात ओंडक्यापासून खुर्चीच्या पायापर्यंतची शर्यत लागते: ओंडका फोडायचा, कुऱ्हाडीने आणि दोन मुठींच्या सुरीने तासायचा, आणि चरकावर दोन जुळते पाय कातून द्यायचे. घाईत केलेले पाय जुळले नाहीत तर वेगाला किंमत नाही. अमेरिकेतील अनेक मंडळे दुर्धर आजाराशी झुंजणाऱ्या मुलांसाठी झाकणाचे डबे कातून देतात. उपचाराच्या प्रत्येक टप्प्याला रुग्णालयात त्या मुलांना एकेक मणी दिला जातो, आणि ते मणी ठेवायला हे डबे असतात. स्पर्धेत बसणी नेटकी करायला शिकलेला हात येथे कामी येतो. लंडनच्या त्या जुन्या श्रेणीनेही आता मापांची तपासणी सोडून कातकामाच्या स्पर्धांना आणि प्रदर्शनांना आश्रय दिला आहे.

हे वाचताना सावंतवाडीची आठवण होणे अपरिहार्य आहे. तेथील चितारी मंडळींनी चरकावर कातलेली, लाखेने रंगविलेली फळे आणि खेळणी महाराष्ट्रातील किती घरांत पिढ्यान्‌पिढ्या नांदली! फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून रंग अंगात बसतो, अशी ती रीत आहे. विसाव्या शतकात ही कला इतकी क्षीण झाली की तेथील राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती राजवाड्यात आश्रय देऊन पुन्हा उभी केली. तो आश्रय मोलाचा होता. परंतु राजाश्रय एका वास्तूपुरता आणि एका घराण्याच्या आस्थेपुरता असतो, तर मंडळ गावोगावी निघू शकते. पोळपाट-लाटणे, रवी, पाळण्याचे खूर, भोवरे कातणारे कारागीर आपल्या बाजारपेठांत अजून आहेत, आणि सुतारकामाचे वर्ग चालविणाऱ्या संस्थाही आहेत. त्यांनी महिन्यातून एक सायंकाळ एका चरकाभोवती एकत्र यावे, वृद्ध कारागिराला मानाने बोलावून, त्याच्या वेळेचा योग्य मोबदला देऊन त्याच्याकडून काम करून घ्यावे, आणि ते पाहायला आलेल्या शाळकरी मुलांपासून डॉक्टर-वकिलांपर्यंत कोणालाही दार बंद असू नये. पहिल्या वर्षीच्या स्पर्धेसाठी विषय शोधायला दूर जायला नको: एक लाटणे, एकसारख्या चार सोंगट्या, झाकणाचा कुंकवाचा करंडा, आणि पावसाळ्यात पडलेल्या आंब्याच्या ओल्या लाकडाचा एक वाडगा, जो दिवाळीनंतर पुन्हा चरकावर चढवून मग परीक्षकापुढे ठेवायचा.