खाऱ्या चिखलातलं गोडं पाणी

कोरड्या दिवसांत, ओहोटीच्या वेळी, ठाण्याच्या खाडीकाठच्या तिवर या खारफुटीच्या झाडाचं एखादं पान अगदी जवळून बघावं. वरून ते तुकतुकीत हिरवं असतं आणि खालून करडं. वरच्या बाजूला ऊन पडलं की बारीक पांढरे कण चमकतात. बोटानं टिपून जिभेवर ठेवले तर कळतं, मीठ आहे! हे मीठ झाडानं स्वतः आतून बाहेर काढून टाकलेलं असतं. त्यासाठी पानावर सूक्ष्म ग्रंथी असतात.

पाण्यात पाय रोवून उभ्या असलेल्या झाडाला तहान कसली, असं वाटेल. पण समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, आणि हे क्षार पाणी सहजासहजी सुटू देत नाहीत. आंब्याचं कलम या चिखलात लावलं, तर भोवती पाणीच पाणी असूनही ते सुकून मरेल. या पाण्यातून गोडं पाणी वेगळं करायला 25 वातावरणांएवढा, म्हणजे हवेच्या दाबाच्या 25 पट जोर लागतो. समुद्रात सुमारे 250 मीटर खोल गेल्यावर जेवढा दाब अंगावर येतो, तेवढा! आपल्या घरच्या आरओ यंत्राला नळाच्या पाण्यासाठी याच्या कितीतरी कमी दाब पुरतो, आणि तोही पंपाकडून मिळतो. तिवराजवळ पंप कुठून येणार?

हा जोर येतो वरून, पानांतून. पानातलं पाणी वाफ होऊन उडत राहतं, आणि खोडातल्या केसाहून बारीक नळ्यांमधला पाण्याचा सलग धागा त्या ओढीनं ताणला जातो. पाण्याचे रेणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की तो तुटत नाही. पेर शोलॅण्डर या शास्त्रज्ञानं ही ओढ मोजली. डहाळी कापायची, पानांकडचा भाग पोलादी कोठीत बंद करायचा, कापलेलं टोक तेवढं बाहेर ठेवायचं आणि आत वायूचा दाब वाढवत न्यायचा. टोकावर रस डबडबला, की त्या क्षणाचा दाब म्हणजेच झाडाची ओढ. 1965 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या मोजणीत खारफुटीचे आकडे 30 वातावरणांच्या पुढे, कधी साठापर्यंत गेले होते. आणि टोकावर आलेला तो रस जवळजवळ गोडा होता.

मीठ अडतं ते मुळाशीच. मुळाच्या आतल्या एका थरात पेशींच्या मधल्या फटी मेणचट पदार्थानं बुजवलेल्या असतात. त्यामुळे पाण्याला पेशींच्या पडद्यातूनच आत यावं लागतं, आणि तो पडदा मिठाला दाद देत नाही. कांदळ या दुसऱ्या खारफुटीची मुळं जवळपास सगळं मीठ बाहेरच ठेवतात. तिवर थोडं सैल आहे; त्याच्या रसात समुद्राच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढा खारटपणा उतरतो. म्हणजे लिटरभर पाणी पानातून उडालं की मागे तीनेक ग्रॅम मीठ उरणार. ते दिवसेंदिवस साचलं तर पान जळून जाईल. पानावरच्या ग्रंथी ते बाहेर काढतात ते याच कारणासाठी.

पण सगळं मीठ फेकलं जात नाही, आणि मला सर्वांत नवल वाटतं ते याचंच. उरलेलं मीठ पेशी आपल्या मधल्या रसकोशात कोंडून ठेवते, कारण पेशीतल्या नाजूक यंत्रणेला ते विषासारखं आहे. कोशाबाहेर तोल सांभाळायला तिवर ग्लायसिन बीटेन नावाचं निरुपद्रवी द्रव्य स्वतः तयार करतं. कोंडलेलं मीठ मग कामाला लागतं: त्याच्यामुळे पाणी पेशीत खेचलं जातं, पेशी टरारून फुगते, पान वाढतं. म्हणूनच प्रयोगात निव्वळ गोड्या पाण्यावर वाढवलेली तिवराची रोपं खुरटी राहतात. समुद्राच्या एक दशांश ते निम्म्या खारटपणाचं पाणी मिळालं, की ती सर्वांत जोमानं वाढतात.