थोडे आणि थोडेच

आमच्या वडिलांच्या पिढीने इंग्रजी घोकलं ते तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतून. आम्ही पाचवीपासून शाळेत शिकलो, इकडे येऊन एम.एस. केलं, पार्सिपनीत घरं घेतली. तरी आपल्या मंडळींच्या बोलण्यातून एक एवढासा 'अ' अजून निसटतोच.

त्याला कारणही आहे. मराठीत 'अ', 'ॲन', 'द' ही भानगडच नाही. 'फ्यू' म्हणजे थोडे हे पाठ, तेव्हा 'अ फ्यू' म्हणजेही तेच, असा आपला हिशेब. पण 'आय हॅव फ्यू फ्रेंड्स हिअर' म्हटलंत तर ऑफिसातला अमेरिकन हळहळेल, आणि 'अ फ्यू' म्हटलंत तर म्हणेल, वा, छान! मित्र दोन्हीकडे तीनच. टेस्ट रिपोर्टात 'फ्यू युनिट्स फेल्ड' लिहिलं तर माल पुढे जातो, 'अ फ्यू' लिहिलं तर मीटिंग बोलावली जाते.

गंमत म्हणजे हा भेद मराठीत आहेच, फक्त तो शब्दाच्या शेपटाला असतो. गणपतीला 'थोडी माणसं आली' आणि 'थोडीच माणसं आली' यांतल्या दुसऱ्या वाक्यात यजमानांकडे उरलेले मोदक दिसतात! इंग्रजीत 'अ' गाळला की मराठीत 'च' लागतो, एवढं ध्यानात ठेवलं की झालं. (एवढ्यात 'क्वाइट अ फ्यू' कानावर येतं, त्याचा अर्थ चक्क 'बरेच'. आपण नाही का म्हणत, 'काही कमी माणसं नव्हती'?)

मोजता न येणाऱ्या गोष्टींना 'लिटल'. नियम तोच, पण इथे गंमत संपते. सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई म्हणतात, "छातीत थोडं दुखतंय गं." सून डॉक्टरांना सांगते, 'शी हॅज लिटल पेन.' डॉक्टरांनी ऐकलं, दुखणं जवळजवळ नाहीच! आधीच आपली वडीलमंडळी बिलाच्या धास्तीने दुखणं निम्मं करून सांगतात, उरलेलं आपण पुसायचं. अशा वेळी 'थोडं'च्या वाटेला जाऊच नये. सरळ आकडे सांगावेत: कालपासून तीन वेळा, दर वेळी दहा मिनिटं, डाव्या हातापर्यंत. आणि इस्पितळात दुभाषा मागावा. फेडरल सरकारचा पैसा घेणाऱ्या इस्पितळांना तो विनामूल्य द्यावा लागतो, मग तो फोनवरून का असेना.