टायरवरील अंकांचा अन्वय : चारही चाके चालविणाऱ्या एका स्पोर्ट्स मोटारीच्या उदाहरणावरून

१

कोणत्याही सांकेतिक लेखनाचा अर्थ लावताना त्यातील चिन्हे सुटी सुटी घ्यावयाची की परस्परसंबंधाने घ्यावयाची, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकास नवा नाही. सोस्यूरची व्याख्याने १९१६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. तेव्हापासून चिन्हाचे ‘मूल्य’ ते ज्या व्यवस्थेत उभे असते त्या व्यवस्थेतील इतर चिन्हांवर अवलंबून असते, हा विचार आपल्या शास्त्रात रुळला आहे. मात्र त्याची उदाहरणे आपण बहुधा शब्दांतूनच घेतो. प्रस्तुत लेखात एक निराळे उदाहरण घ्यावयाचे आहे. ते म्हणजे मोटारीच्या टायरवर उमटविलेली अंकाक्षरांची ओळ.

ही ओळ चुकीची वाचली तर केवळ अर्थाचा घोटाळा होत नाही. चारही चाकांना इंजिनाची शक्ती पुरविणारी स्पोर्ट्स मोटार शर्यतीच्या ट्रॅकवर नेण्यासाठी निराळ्या मापाचे टायर निवडताना चूक झाली, तर तिची किंमत यंत्रणेतील क्लचला आणि प्रसंगी चालकाच्या सुरक्षिततेला मोजावी लागते. म्हणून प्रथम लेखनाची रचना, नंतर मोटारीची रचना आणि शेवटी निवडीचा प्रश्न, या क्रमाने विवेचन करू.

उदाहरण म्हणून निस्सान कंपनीची आर३५ या संकेताने ओळखली जाणारी जीटी-आर ही मोटार घेतली आहे. ती डिसेंबर २००७ मध्ये जपानात विक्रीस आली व २०२५ मध्ये तिचे उत्पादन संपले. तिच्या पुढील चाकांचे मूळ माप २५५/४० झेडआरएफ २० व मागील चाकांचे २८५/३५ झेडआरएफ २० असे आहे.

२

या ओळीतील पहिला अंक टायरची मिलिमीटरमधील नाममात्र रुंदी सांगतो. शेवटचा अंक रिमचा इंचांतील व्यास सांगतो. एकाच ओळीत दोन मापनपद्धती नांदतात, हे भाषेतील मिश्र समासासारखेच आहे. १९७० च्या दशकात मिशेलिन कंपनीने टीआरएक्स या टायरसाठी रिमचा व्यासही मिलिमीटरमध्ये देऊन पाहिला, परंतु तो प्रकार रूढ झाला नाही. रूढीपुढे तर्क हरतो, हा अनुभव भाषेबाहेरही येतो. मधल्या अक्षरांपैकी ‘झेड’ हे ताशी २४० कि.मी.हून अधिक वेगाची क्षमता दाखविते, ‘आर’ हे रेडियल बांधणी दाखविते आणि ‘एफ’ हे हवा गेल्यावरही काही अंतर चालू शकणाऱ्या टायरचे निदर्शक आहे. यापुढे ९७ वाय किंवा १०० वाय अशी जोड येते. ९७ म्हणजे एका टायरवर ७३० कि.ग्रॅ. व १०० म्हणजे ८०० कि.ग्रॅ. भार. ‘वाय’ म्हणजे ताशी ३०० कि.मी. वेगाची मर्यादा.

घोटाळा होतो तो दुसऱ्या अंकाविषयी. ४० किंवा ३५ हे माप नव्हेच. टायरच्या उभ्या बाजूची, म्हणजे साइडवॉलची, उंची रुंदीच्या शेकडा किती आहे, एवढेच तो अंक सांगतो. ‘लहान हत्ती’ हा ‘मोठ्या उंदरा’हून मोठाच असतो, कारण ‘लहान’ व ‘मोठा’ या विशेषणांना पुढील नामावाचून निश्चित अर्थ नाही. तीच गोष्ट येथे आहे. ३१५/३० या टायरची साइडवॉल ९४.५ मि.मी. उंच असते व २६५/३५ ची ९२.७५ मि.मी. ३० हा अंक ३५ हून लहान असूनही त्याने दर्शविलेली उंची अधिक भरते.

टायरचा एकूण व्यास काढावयाचा तर रिमच्या इंचांना २५.४ ने गुणून त्यात साइडवॉलची दुप्पट उंची मिळवावी. त्याप्रमाणे जीटी-आरच्या पुढील टायरचा व्यास ५०८ अधिक २०४, म्हणजे ७१२ मि.मी. आणि मागील टायरचा ५०८ अधिक १९९.५, म्हणजे ७०७.५ मि.मी. येतो. भाराखाली टायर किंचित दबतो, त्यामुळे प्रत्यक्षात एका फेऱ्यात तोडले जाणारे अंतर या हिशेबाहून थोडे कमी असते. पुढच्या व मागच्या टायरांची तुलना करण्यास मात्र हा हिशेब पुरेसा आहे.

पुढील व्यासाला मागील व्यासाने भागले असता १.००६४ हे गुणोत्तर मिळते. पुढच्या विवेचनाचा आधार हाच अंक आहे. तो कोणत्याही टायरवर लिहिलेला नसतो. दोन ओळी एकत्र वाचल्या तरच तो हाती येतो.

३

केवळ मागील चाके चालविणाऱ्या मोटारीत पुढील चाके नुसती फिरतात. त्यांचा व्यास किंचित कमीजास्त झाला, तरी शक्ती वाहून नेणाऱ्या यंत्रणेला त्याचे सोयरसुतक नसते. जीटी-आरची गोष्ट निराळी आहे. तिचे इंजिन पुढे व गिअरपेटी मागील आसाजवळ आहे. इंजिनापासून एक दांडा मागे जातो आणि दुसरा दांडा तेथून पुन्हा पुढील चाकांकडे येतो. या दुसऱ्या मार्गावर विद्युतनियंत्रित असा अनेक तबकड्यांचा क्लच असून तो तेलात बुडालेला असतो. तबकड्या जितक्या दाबल्या जातील तितकी शक्ती पुढे जाते. पुढील चाकांचा वाटा शून्यापासून पन्नास टक्क्यांपर्यंत बदलू शकतो.

यंत्रणेतील गिअरांचे दात ठरलेले असतात आणि टायरांच्या मूळ व्यासांचे प्रमाण गृहीत धरूनच ती यंत्रणा जुळविलेली असते. म्हणून पुढचा व मागचा व्यास समान असावा असा नियम नसून त्यांचे मूळ गुणोत्तर टिकावे असा नियम आहे. मराठीतील कर्तरी प्रयोगाच्या वाक्यात कर्त्याचे लिंगवचन बदलले की क्रियापदालाही बदलावे लागते. येथेही पुढील माप बदलले की मागील मापाने त्याच्याशी जुळवून घ्यावयाचे असते.

हे प्रमाण बिघडले तर काय होते? घर्षणाने चालणारा क्लच नेहमी अधिक वेगाने फिरणाऱ्या बाजूकडून कमी वेगाने फिरणाऱ्या बाजूकडे शक्ती नेतो. पुढील टायर प्रमाणाबाहेर लहान झाले, तर सरळ रस्त्यावरही पुढचा दांडा अधिक वेगाने फिरू लागतो. अशा वेळी तबकड्या दाबल्या गेल्या तर पुढील चाकांना शक्ती मिळण्याऐवजी ती मागे खेचली जातात. तबकड्या एकमेकींवर घासतात आणि तेल तापते. शिवाय चाकांच्या वेगांची तुलना करून घसरण ओळखणाऱ्या नियंत्रणयंत्रणेला हा कायमचा फरक म्हणजे घसरणच भासण्याचा संभव असतो.

येथे एक आक्षेप संभवतो. वळण घेताना पुढील चाके मागील चाकांहून लांबचा मार्ग कापतात, म्हणजे वेगांत फरक पडतोच. मग एकदोन टक्क्यांचे काय एवढे? आक्षेप योग्य आहे. जीटी-आरच्या पुढील व मागील आसांत २७८० मि.मी. अंतर आहे. मागील आस १० मीटर त्रिज्येचे वळण घेत असेल, तर पुढील आसाचा मार्ग सुमारे ३.८ टक्क्यांनी लांब भरतो. परंतु त्रिज्या ५० मीटर झाली की हाच फरक अवघा ०.१५ टक्क्यावर येतो. तीव्र वळण काही क्षणांत संपते. टायरांतील विसंगती मात्र मोटार चालू असेपर्यंत, अगदी लांब सरळ पट्ट्यांवरही, टिकून राहते. तबकड्यांना विसावा असा मिळतच नाही.

४

आता निवडीचा प्रश्न. जीटी-आरचे आरंभीचे वजन सुमारे १७४० कि.ग्रॅ. असून त्यापैकी सुमारे ५३ टक्के पुढील आसावर येते. भार पुढे अधिक आणि टायर मात्र पुढे अरुंद, अशी ही मांडणी आहे. ट्रॅकवर जोराने वळताना अशा मोटारीचे तोंड पुरेसे वळत नाही, ती बाहेरच्या बाजूस सरकत जाते. यालाच अंडरस्टिअर म्हणतात. तेव्हा ट्रॅकवर जाणाऱ्याचा हेतू पुढील पकड वाढविण्याचा असतो. रुंद टायरने जमिनीला टेकणारे क्षेत्रफळ फारसे वाढत नाही, कारण ते मुख्यतः भार व हवेचा दाब यांवर ठरते. परंतु त्याचा आकार आडवा व आखूड होतो आणि उष्णता सोसण्यास अधिक रबर उपलब्ध होते. या हेतूने सुचणारे तीन पर्याय तपासू.

पहिला पर्याय : मागील टायर तसेच ठेवून पुढे २६५/३५ घालावा. पहिला अंक दहाने वाढला व दुसरा पाचाने घटला, म्हणजे बदल किरकोळ, असे सुट्या अंकांवरून वाटते. प्रत्यक्षात व्यास ७१२ वरून ६९३.५ मि.मी.वर येतो व गुणोत्तर ०.९८० होते. मूळ प्रमाणापासून हा फरक सुमारे २.६ टक्के आहे. जर्मनीतील न्युर्बुर्गरिंगच्या उत्तर मार्गाची एक फेरी सुमारे २०.८ कि.मी.ची आहे. मूळ टायरांवर एवढ्या अंतरात मागील चाके पुढच्यांहून सुमारे ५९ फेरे अधिक फिरतील. या पर्यायात उलट पुढील चाके मागच्यांहून सुमारे १८९ फेरे अधिक फिरतील. सकृद्दर्शनी सर्वांत निरुपद्रवी दिसणारा हा पर्याय सर्वांत घातक आहे.

दुसरा पर्याय : पुढे २७५/३५ व मागे ३१५/३० घालावा. अंक सर्वस्वी बदलले, पण व्यास ७००.५ व ६९७ मि.मी. आणि गुणोत्तर १.००५०. मूळ प्रमाण जवळजवळ जसेच्या तसे टिकले. दोन्ही व्यास सुमारे दीड टक्क्याने घटल्यामुळे वेगदर्शक काटा थोडा अधिक वेग दाखवील, एवढेच. तथापि रुंदीचा हिशेब पाहा. मूळ मापात पुढील रुंदी मागील रुंदीच्या ८९.५ टक्के होती, ती येथे ८७.३ टक्के झाली. पुढची पकड वाढली, पण मागची त्याहून अधिक वाढली. म्हणजे ज्या दोषासाठी खटाटोप केला तो दूर होण्याऐवजी वाढण्याचा संभव आहे. वाक्य व्याकरणशुद्ध आहे, परंतु बोलणाऱ्याला जे म्हणावयाचे होते ते त्यात आलेले नाही.

तिसरा पर्याय : चारही चाकांना २८५/३५ घालावा. गुणोत्तर बरोबर १ होते व मूळ प्रमाणापासून ०.६४ टक्के ढळते. हा फरक एक टक्क्याच्या आत ठेवण्याचा व्यवहारातील प्रघात आहे; निर्मात्याने निराळी मर्यादा दिली असल्यास अर्थात तीच प्रमाण मानावी. येथे मागील रुंदी न बदलता पुढील रुंदी ३० मि.मी.ने वाढते. हेतू व प्रमाण या दोहोंचा मेळ या पर्यायात सर्वांत चांगला बसतो. मात्र मूळ पुढील रिम ९.५ इंच रुंद आहे आणि २८५/३५ या मापाला चालणाऱ्या रिमची ती खालची मर्यादा आहे. इतक्या अरुंद रिमवर टायरच्या बाजू आत ओढल्या जातात आणि वळणात अधिक लवतात. म्हणून मागील रिमप्रमाणे १०.५ इंच रुंदीचे रिम पुढेही बसविणे बरे. त्यापूर्वी चाक पूर्ण वळविले असता ते आतील सांगाड्याला वा मडगार्डला घासत नाही ना, हे पाहणे अगत्याचे आहे.

५

येथवरचे विवेचन लिखित मापापुरते झाले. पण लिहिलेले रूप व उच्चारलेले रूप यांत जसे अंतर असते, तसे टायरवरील अंक व प्रत्यक्ष टायर यांतही असते. एकाच मापाचे दोन निर्मात्यांचे टायर व्यासाने तंतोतंत सारखे भरत नाहीत. म्हणून पुढे एका निर्मात्याचे व मागे दुसऱ्याचे टायर घालू नयेत आणि निर्मात्याने प्रसिद्ध केलेला प्रत्यक्ष व्यास पाहूनच गुणोत्तर काढावे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट झिजेची. टायरचा थर एक मिलिमीटर झिजला की व्यास दोन मिलिमीटरने घटतो. तिसऱ्या पर्यायात पुढील टायर मागच्यांहून २ मि.मी. अधिक झिजले, तर पुढील व्यास ७०३.५ होतो व मूळ प्रमाणापासूनचा फरक ०.६४ वरून सुमारे १.२ टक्क्यांवर जातो. पुढे भार अधिक असल्याने अशी झीज अपेक्षितच आहे. एक टक्क्याची मर्यादा पाळावयाची, तर पुढच्या व मागच्या झिजेत सुमारे सव्वा मिलिमीटरहून अधिक तफावत पडू देता कामा नये. मूळ मापात हीच २ मि.मी. झीज प्रमाण केवळ ०.५६ टक्क्याने ढळविते, कारण तेथे पुढील टायर मुळातच थोडा मोठा आहे. समान मापाच्या सोयीत आपण ही शिल्लक आधीच खर्च केलेली असते.

म्हणून ट्रॅकवरील प्रत्येक खेपेनंतर चारही टायरांची खोली मोजावी, तफावत मर्यादेजवळ येताच पुढचे टायर मागे व मागचे पुढे घ्यावेत आणि बदलावयाचे झाल्यास चारही एकदम बदलावेत. चारही रिम एकाच रुंदीचे व एकाच बसणीचे असतील तर ही अदलाबदल चाकासकट होते. नसतील तर टायर रिमवरून उतरवून चढवावे लागतात. खर्चाचा विचार करताना केवळ दोन टायरांची किंमत धरून चालत नाही, ती याचमुळे.

६

तात्पर्य, ‘ट्रॅकसाठी कोणते माप चांगले?’ हा प्रश्न या रूपात विचारणेच सदोष आहे. २८५/३५ हे माप स्वतः चांगले नाही की वाईट नाही. त्याच्या जोडीला मागे काय आहे, ते कोणत्या रिमवर चढले आहे, किती झिजले आहे आणि मूळ यंत्रणा कोणते प्रमाण गृहीत धरून बांधली आहे, या संबंधांतूनच त्याचे मूल्य ठरते. शब्दकोशातील शब्द वाक्यात आल्यावाचून पुरता अर्थवान होत नाही, हे आपण विद्यार्थ्यांना वर्गात सांगतो. चार टायर चारही चाकांवर चढविताना तोच नियम विसरला गेला, तर त्याची आठवण तापलेला क्लच करून देतो.