विश्लेषण : गाडीचा टर्बो घरीच दुरुस्त करावा की स्पेशालिस्टकडे द्यावा?

डिझेल गाडीचा पिकअप कमी झाला, निळसर धूर येऊ लागला, की गॅरेजमधून ‘टर्बो गेला’ असे सांगितले जाते. नव्या टर्बोची किंमत ऐकल्यावर अनेक जण मोबाइलवर पर्याय शोधू लागतात. तिथे टर्बोचे रिपेअर किट अगदी स्वस्तात मिळते आणि ते कसे बसवायचे याचे व्हिडीओही सापडतात. चार नट-बोल्ट खोलता येणाऱ्याला हे काम घरी जमेल का? स्पेशालिस्ट जास्त पैसे घेतो ते नेमके कशाचे?

टर्बो काय करतो?

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूंमध्ये बरीच ऊर्जा वाया जात असते. हे वायू एका चाकावर सोडले की ते फिरते. हे झाले टर्बाइन. त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला कॉम्प्रेसरचे चाक असते. ते बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. जास्त हवा म्हणजे जास्त इंधन जाळण्याची मुभा, म्हणजेच छोट्या इंजिनातून जास्त ताकद. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले.

छोट्या कारमधील टर्बोचा वेग मिनिटाला २ लाख फेऱ्यांपर्यंत आणि काही टर्बोंमध्ये त्याहून पुढे जातो. २ लाख फेऱ्या म्हणजे सेकंदाला ३,३३३ फेऱ्या. चाकाचा व्यास ४० मिलिमीटर धरला, तर त्याच्या कडेचा वेग ताशी सुमारे १,५०० किलोमीटर होतो, म्हणजे आवाजापेक्षाही जास्त. एवढ्या वेगात फिरणारा शाफ्ट बहुतेक टर्बोंमध्ये बॉल बेअरिंगवर नव्हे, तर ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो.

किटमध्ये काय असते?

साधारण किटमध्ये जर्नल बेअरिंग, थ्रस्ट बेअरिंग, कॉलर, शाफ्टवरच्या सीलिंग रिंग, ओ-रिंग आणि काही नट-बोल्ट असतात. शाफ्ट, दोन्ही चाके आणि मधले हाऊसिंग मात्र जुनेच राहते.

पहिली अडचण इथेच आहे. शाफ्टवर ओरखडे आले असतील किंवा हाऊसिंगचा बोअर झिजला असेल, तर नवे बेअरिंगही सैलच बसते. ही झीज डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी मायक्रोमीटर आणि बोअर गेज लागते. साध्या व्हर्निअरवर हे काम भागत नाही.

घरी न होणारे काम कोणते?

बॅलन्सिंग. स्पेशालिस्टच्या बिलातला महत्त्वाचा भाग याचाच असतो. साधे गणित करून पाहू. चाकाच्या केंद्रापासून १५ मिलिमीटरवर फक्त १० मिलिग्रॅम, म्हणजे तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढे, वजन जास्त आहे असे समजा. २ लाख फेऱ्यांच्या वेगाला त्यातून सुमारे ६६ न्यूटन बल तयार होते. जवळपास पावणेसात किलो वजनाइतके हे बल सेकंदाला ३,३३३ वेळा दिशा बदलत बेअरिंगवर आदळते. ऑइलचा पातळ थर हे फार काळ सोसत नाही.

म्हणून चांगल्या कार्यशाळेत आधी शाफ्ट आणि चाके बॅलन्स करतात. मग पूर्ण जोडलेला मधला भाग मशीनवर प्रचंड वेगाने फिरवून त्याची कंपने मोजतात आणि गरजेनुसार नटाजवळचा किंचित धातू काढतात.

शाफ्ट, चाक आणि नटावर खुणा करून सगळे पुन्हा त्याच जागी बसवले की बॅलन्स टिकतो, असे घरी दुरुस्ती करणारे सांगतात. यात तथ्य आहे, पण ते चाके शाबूत असतील तरच. चाक हाऊसिंगला घासले असेल किंवा पाते किंचित वाकले असेल, तर मूळ बॅलन्स आधीच गेलेला असतो. मग खुणांचा उपयोग नाही.

सगळे टर्बो सारखेच असतात का?

नाही. आपल्याकडे रस्तोरस्ती दिसलेले फियाटचे १.३ लिटर डिझेल इंजिन हे त्याचे उत्तम उदाहरण. पुण्याजवळच्या रांजणगावातही तयार झालेले हे इंजिन मारुती स्विफ्ट, टाटा इंडिका व्हिस्टा, फियाट पुंटो अशा अनेक गाड्यांत होते. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम लागू झाले तेव्हा मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या, तरी जुन्या गाड्या अजून धावत आहेत.

या इंजिनाच्या सुमारे ७५ अश्वशक्तीच्या आवृत्तीत साधा टर्बो होता. त्यात वेस्टगेट नावाची झडप जास्तीचा वायू बाजूने सोडून देते. ९० अश्वशक्तीच्या आवृत्तीत व्हीजीटी, म्हणजे टर्बाइनभोवती हलणाऱ्या पात्यांचा टर्बो होता. या पात्यांवर कार्बन साचला की ती अडकतात. ती काळजीपूर्वक साफ करणे घरी शक्य आहे. मात्र पाती किती मिटावीत हे ठरवणारा स्टॉप स्क्रू हलवला, तर तो पुन्हा अचूक लावायला हवेचा प्रवाह मोजणारे यंत्र लागते. अंदाजाने तो फिरवू नये.

मधला मार्ग आहे का?

आहे. टर्बोचा मधला संपूर्ण भाग तयार मिळतो. बाजारात त्याला ‘कोअर’ किंवा ‘कार्ट्रिज’ म्हणतात. चांगल्या उत्पादकाचा कोअर बॅलन्स करूनच येतो आणि त्यासोबत बॅलन्सिंगचा अहवाल असतो. जुनी दोन्ही हाऊसिंग चांगली असतील, तर ती त्यावर बसवायची. खर्च किटपेक्षा जास्त, पण नव्या टर्बोपेक्षा कमी.

हाताला सवय असलेल्यांसाठी साध्या टर्बोत हे काम आवाक्यातले आहे. जोडताना हाऊसिंगचा कोन पूर्वीसारखाच राहिला पाहिजे आणि ऑइल परतीचा मार्ग खालच्या दिशेला यायला हवा. व्हीजीटीमध्ये मात्र पात्यांच्या सेटिंगचा प्रश्न उरतोच.

टर्बो पुन्हा का जातो?

मूळ कारण तसेच राहिल्यामुळे. बऱ्याचदा टर्बोला मारणारा दोष टर्बोच्या बाहेर असतो. ऑइल वेळेवर न बदलल्याने पुरवठ्याच्या बारीक पाइपमध्ये कार्बन साचतो आणि बेअरिंग कोरडे पडते. ऑइलच्या जोडांवर गॅस्केटऐवजी सिलिकॉन लावले, तर त्याचा तुकडा सुटून मार्ग बंद करतो. ब्रीदर तुंबला, की ऑइल परत न जाता सीलमधून बाहेर येते. फाटक्या एअर फिल्टरमधून गेलेली धूळ कॉम्प्रेसरची पाती खाते. पाइप तुंबलेलाच ठेवला, तर सर्वोत्तम स्पेशालिस्टचा टर्बोही टिकणार नाही.

त्याआधी टर्बो खरोखर गेला आहे का, हे पाहावे. इंटरकूलरचा होज फाटणे, व्हॅक्यूमची नळी सुटणे, ईजीआर व्हॉल्व्ह अडकणे यांनीही पिकअप जातो. इंजिन पूर्ण थंड असताना हवेचा पाइप काढून शाफ्ट हाताने हलवून पाहता येतो. बाजूला किंचित प्ले असणे स्वाभाविक आहे. पुढे-मागे प्ले हाताला स्पष्ट जाणवत असेल किंवा चाक हाऊसिंगला लागत असेल, तर टर्बो काढावा लागेल.

चूक झाली तर धोका काय?

पैसे वाया जाण्यापेक्षा मोठा धोका डिझेल ‘रनअवे’चा. सील निकामी झाल्यावर ऑइल हवेच्या मार्गाने इंजिनात जाते आणि इंजिन तेच ऑइल इंधन म्हणून जाळू लागते. वेग आपोआप वाढत जातो आणि चावी बंद करूनही अनेकदा इंजिन थांबत नाही. मॅन्युअल गाडी उभी असताना असे झाले, तर ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडला की इंजिन बंद पडू शकते. ते जमले नाही, तर गाडीपासून दूर व्हावे. हवेच्या पाइपसमोर हात धरू नये.

म्हणूनच नवा किंवा दुरुस्त टर्बो बसवण्यापूर्वी इंटरकूलर आणि पाइपमध्ये साचलेले जुने ऑइल काढावे. ऑइल आणि फिल्टर बदलावेत, टर्बोच्या ऑइल इनलेटमध्ये स्वच्छ ऑइल भरावे. सुरू केल्यावर काही मिनिटे इंजिन आयडलवरच ठेवावे. कोरड्या बेअरिंगवर दिलेली पहिली रेसही नुकसान करू शकते.

स्पेशालिस्टला काय विचारावे?

माझ्या टर्बोचा बॅलन्सिंग अहवाल मिळेल का? शाफ्ट आणि बोअर मोजले का, माप किती आले? व्हीजीटी असेल तर प्रवाह तपासला का? बदललेले जुने भाग परत मिळतील का? वॉरंटी लेखी आहे का आणि तिच्या अटी कोणत्या? पहिल्या दोन प्रश्नांवर टाळाटाळ झाली, तर तो घरी होऊ शकणाऱ्या किट-बदलाचेच जास्त पैसे मागत आहे, असे समजावे.

मग निर्णय कसा घ्यावा?

दोष शोधणे, होज तपासणे, ऑइल पाइप बदलणे आणि हत्यारे व अनुभव असेल तर टर्बो काढणे-बसवणे, एवढे घरी करता येते. मजुरीतली खरी बचतही यातच आहे. साध्या टर्बोत तयार कोअर बसवणे सरावलेल्या हातांसाठी ठीक. शाफ्ट उघडून किट बसवणे आणि व्हीजीटीचे सेटिंग मात्र मशीन असलेल्याकडेच द्यावे. चाक तुटून तुकडे इंजिनाकडे गेल्याची शंका असेल, तर टर्बोच्या खर्चाचा विचार करण्याआधी इंजिन तपासून घ्यावे.