उशीखालचा भाव

अमेरिकेत 2025 साली दुधाच्या एका दाताला सरासरी 5 डॉलर 1 सेंट मिळाला. आदल्या वर्षी हाच भाव 5 डॉलर 84 सेंट होता आणि त्याच्या आदल्या वर्षी 6 डॉलर 23 सेंट. म्हणजे सलग दोन वर्षं मंदी. सोनं आभाळाला भिडलं त्याच वर्षी दात उतरला.

हा भाव जाहीर करते ‘डेल्टा डेंटल’ ही दातांचा विमा विकणारी कंपनी. पोराचा दात पडला की तो उशीखाली ठेवायचा, रात्री दातपरी येऊन तो नेते आणि त्याजागी पैसे ठेवते, ही तिकडची रीत. परीने किती ठेवले हे कंपनी आईबापांनाच विचारते, कारण परी कोण हे तिलाही ठाऊक आहे. 1998 साली तिने पहिल्यांदा विचारलं तेव्हा सरासरी 1 डॉलर 30 सेंट निघाली. पुढे तिने या भावाचा आलेख शेअर बाजाराच्या एस अँड पी 500 निर्देशांकाशेजारी मांडायला सुरुवात केली आणि वर्तमानपत्रांना दरवर्षी फुकटची बातमी मिळू लागली. विमा विकण्याची ही युक्ती आहे हे उघड आहे. पण आकडे बोलके आहेत. तिकडच्या महागाईच्या हिशेबाने 1998चे 1 डॉलर 30 सेंट आज अडीच डॉलरांच्या आसपास भरतील. परी त्याच्या दुप्पट देते. तिच्या हाताला महागाईपेक्षा मोठं असं काहीतरी ढकलत असणार.

हे काहीतरी काय, ते मुंबईतल्या मरोळमध्ये बसूनही कळतं.

आपल्याकडे दाताला पैसे मिळत नसत, दाताला दात मिळे. पडलेला दात मुठीत घ्यायचा, अंगणात उभं राहून कौलांवर भिरकवायचा आणि उंदीरमामाला सांगायचं की हा जुना घे, तुझ्यासारखा नवा दे. काही घरांत दात शेणाच्या गोळीत घालून फेकत, काही घरांत तुळशीपाशी पुरत. सौदा सगळीकडे सरळ, वस्तूला वस्तू. आणि गिऱ्हाईकही विचार करून निवडलेलं. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, न कुरतडेल तर ते त्यालाच जड होतात. ज्याच्याकडे माल पडून आहे त्याच्याकडेच मागायचं. जेम्स फ्रेझरने ‘गोल्डन बाऊ’त याच समजुतीची उदाहरणं देशोदेशींहून गोळा केली आहेत. पार पॅसिफिकमधल्या रारोटोंगा बेटावरही मुलं झावळ्यांच्या छपरावर दात टाकत आणि उंदरालाच साकडं घालत. जपानात खालचा दात छपरावर जातो आणि वरचा जमिनीखाली, म्हणजे नवा दात त्या दिशेने सरळ उगवावा. कोरियात छपरावरचा दात न्यायला उंदराऐवजी मॅगपाय पक्षी येतो. लिओ कॅनर या मानसोपचारतज्ज्ञाने 1928 साली दातांच्या लोकसमजुतींवर आख्खं पुस्तक लिहिलं. या साऱ्या पसाऱ्यात परी फार उशिरा आलेली पाहुणी आहे.

छापील कागदावर तिची पहिली ठळक नोंद 1908 सालची. ‘शिकागो डेली ट्रिब्यून’च्या घरगुती सल्ल्यांच्या सदरात लिलियन ब्राऊन नावाच्या बाईंनी सुचवलं की हलता दात काढू न देणाऱ्या हट्टी पोराला दातपरीची गोष्ट सांगावी आणि आयांनी पाच सेंटवाल्या काउंटरवरून बारीकसारीक वस्तू आणून ठेवाव्यात. म्हणजे सुरुवातीला रोकड नव्हतीच, होती ती लाच, आणि तीही खेळण्याच्या रूपात. पुढे 1927 साली एस्थर वॉटकिन्स अरनॉल्ड यांनी मुलांसाठी परीवर नाटुकलं लिहिलं. तिचा खरा अभ्यास केला तो नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या दंतवैद्यक शाळेतल्या रोझमेरी वेल्स यांनी. 1970च्या दशकात त्यांनी पालकांच्या मुलाखती घेतल्या, 1900 ते 1980 या काळातले दाताचे भाव जुळवले आणि परी महागाईशी बरोबरी राखून आहे असं दाखवलं. 1993 साली शिकागोजवळच्या डीअरफिल्डमध्ये, राहत्या घरात, त्यांनी दातपरीचं संग्रहालयही थाटलं. 2000 साली त्या गेल्या, तोवर ते चालू होतं. वेल्सबाईंच्या काळात परी महागाईबरोबर चालत होती, डेल्टा डेंटलच्या काळात ती पुढे धावू लागली.

स्पेनमध्ये मात्र उंदीर आणि पैसा यांची सोयरीक झाली. राजपुत्र नव्हे, राजाच असलेल्या आठ वर्षांच्या तेराव्या अल्फोन्सोचा दात पडला, तेव्हा राजवाड्याने लुईस कोलोमा या जेझुइट पाद्र्याकडून 1894च्या सुमारास त्याच्यासाठी गोष्ट लिहून घेतली. तिच्यातला पेरेझ नावाचा उंदीर माद्रिदमध्ये मिठाईच्या दुकानात, बिस्किटांच्या डब्यात राहतो आणि मुलांच्या उशांखाली भेट ठेवून जातो. माद्रिदच्या आरेनाल रस्त्यावर 8 क्रमांकाच्या इमारतीला त्याच्या नावाची पाटी आहे. जेझुइट मरोळलाही आले होते, पण फार आधी. कोंडिवट्याला त्यांनी 1579 साली बांधलेल्या चर्चचे अवशेष आज सीप्झ या औद्योगिक वसाहतीच्या आवारात उभे आहेत. 1840च्या साथीनंतर वस्ती आणि चर्च दोन्ही मरोळला सरकली, तेच आजचं सेंट जॉन इव्हँजेलिस्ट चर्च. बिस्किटाच्या डब्यातला उंदीर काही त्यांच्याबरोबर आला नाही, तो तेव्हा जन्मालाच यायचा होता.

मरोळला परी आणली ती इंग्रजी माध्यमाने आणि मोबाइलने. ‘पेप्पा पिग’मध्ये पेप्पाचा दात पडतो, परी नाणं ठेवते. तो भाग पाहिलेलं पहिलीतलं पोर दात हलायला लागल्यापासूनच हिशेब मांडतं. पण परीला रस्ता मोकळा करून दिला तो घरांनी. मरोळ गावठाणात क्रूसांच्या आसपास अजून काही बैठी घरं तग धरून आहेत, बाकी मरोळ-मरोशी रस्त्यापासून मिलिटरी रोडपर्यंत टॉवर उभे राहिले. सतराव्या मजल्यावरच्या मुलाने दात भिरकवायचा कुठे? वरची गच्ची कुलूपबंद, तिची किल्ली सोसायटीच्या ऑफिसात. खिडकीतून फेकला तर तो थेट खालच्या पोडियमवरच्या गाडीच्या टपावर. तुळस असते ती ग्रिलमधल्या कुंडीत, आणि तिच्यातली माती दोन महिन्यांनी माळी बदलतो. कौल गेलं, अंगण गेलं. घरात उरली ती उशी, आणि परीला तेवढीच लागते.

उंदीरमामाची अवस्था तर विचारूच नका. मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजाराजवळ बोंबील-जवळ्याच्या वासावर त्याची चैन चालत असेल, पण मुंबई महापालिकेच्या रात्रपाळीच्या मूषक संहारकांना एका रात्रीत 30 उंदरांचं उद्दिष्ट असतं. हातात विजेरी आणि काठी घेऊन ही माणसं गल्ल्या पालथ्या घालतात आणि सकाळी मेलेले उंदीर मोजून देतात. ज्या गावात मामाची अशी मोजदाद होते, तिथे त्याच्याकडे दात मागायचा तरी कोणत्या तोंडाने?

दाताच्या निमित्ताने काही देणंघेणं आपल्याला अगदीच अनोळखी होतं असं मात्र नाही. फक्त ते दात पडताना होत नसे, येताना होई. बाळाला वरचे दात आधी आले तर मामावर संकट, ही समजूत घराघरांत आहे, आणि त्यावरच्या तोडग्यात भाच्याच्या हातावर काहीतरी ठेवायची पाळी मामावरच येते. उत्तर युरोपातल्या जुन्या एड्डा काव्यांतही असंच आहे. फ्रेय या देवाला पहिला दात आला तेव्हा इतर देवांनी त्याला आल्फहाइम हे आख्खं राज्य दिलं. उशीखालच्या शंभराच्या नोटेवर कुरकुरणाऱ्या बापाने हे ध्यानात ठेवावं.

आता शंभरच का, ते पाहू. 5 डॉलरांचे बाजारभावाने चारशेच्या वर रुपये होतात आणि अमेरिकेतल्या आत्याशी फोनवर बोललेलं पोर तेच मागतं. पण डॉलरला तिकडे जे विकत मिळतं ते इकडे घ्यायला साधारण वीस-एकवीस रुपये पुरतात, असं जागतिक बँकेचं क्रयशक्तीचं गणित सांगतं. त्या हिशेबाने अमेरिकन परीच्या तोडीस तोड म्हणजे शंभराची एक जांभळी नोट. तोंडात दुधाचे दात 20. सहाव्या वर्षाच्या आसपास खालचे मधले दोन पडतात आणि बाराव्यापर्यंत दाढा आटोपतात. सहा वर्षांत दोन हजार रुपये. एका वाढदिवसाच्या परतभेटीच्या पिशव्यांत याहून जास्त उडतात.

अडचण रकमेची नाही, रोकडीची आहे. दात पडतो रात्री जेवताना, नाहीतर ब्रश करताना, आणि घरात सुटे नसतात. भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे क्यूआर कोडवर, पाकिटात फक्त कार्डं. दहाचं दोन धातूंचं नाणं परीला शोभेल असं, चकचकीत. पण ते दुकानदार घेत नाहीत अशी अफवा वर्षानुवर्षं फिरली. शेवटी 2018च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की दहाच्या नाण्याचे चौदाही नमुने चलनात आहेत. बारा कोनांचं वीसचं नाणं 2020 साली आलं, ते हाताला लागेल तर शपथ. मग रात्री साडेअकराला वॉचमनकडे सुटे मागणारी परी आणि देवघरातल्या दक्षिणेच्या डबीत हात घालणारी परी, दोन्ही मरोळमध्ये सापडतात. ज्या घरात पाचशेशिवाय काहीच सापडलं नाही, त्या घराने त्या रात्री आख्ख्या विंगचा भाव बिघडवला.

कारण भाव ठरतो तो तिथेच, खाली उभ्या असलेल्या स्कूलबसमध्ये. एकाच मजल्यावर एका दारात दहाचं नाणं आणि समोरच्या दारात शंभराची नोट, हे पोरांना सकाळी सातला कळतं आणि आयांना सव्वासातला. ‘तिच्याकडे वेगळी परी येते का?’ या प्रश्नाला दहावाल्या आईकडे उत्तर नसतं. मग पुढचा दात वीसवर, त्याच्या पुढचा पन्नासवर. खाली कोणी उतरत नाही, कारण भाव पाडणारी परी ऐकिवात नाही. महागाईच्या दुप्पट धावणाऱ्या अमेरिकन परीच्या मागेही अशीच एखादी पिवळी बस उभी असेल, असं मला वाटतं. मेट्रो वनचं किमान भाडं 10 रुपये, ते ठरवायला सरकार, कंपनी, समित्या. दाताचं भाडं शेजारी ठरवतात, आणि तेही झोपलेल्या मुलाच्या उशीखाली हात घालायच्या आधीच्या पाच मिनिटांत.

त्या पाच मिनिटांत दात एकदा नीट पाहावा. दुधाचा पडलेला दात म्हणजे वरचं नुसतं टोपण, मूळ नसतंच. खालून येणाऱ्या कायमच्या दातासाठी वाट करताना शरीराने ते मूळ हळूहळू जिरवून टाकलेलं असतं. म्हणून तो तांदळाच्या फुगलेल्या दाण्याएवढाच भरतो, आणि टिश्यूत गुंडाळला की हमखास कचऱ्यात जातो.

या टोपणाची किंमत पैशाशिवाय दुसऱ्या कशात झाल्याचं एक उदाहरण मला सगळ्यात भारी वाटतं. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात 1958 साली डॉ. लुईस रीस, बॅरी कॉमनर आणि इतरांनी मुलांचे पडलेले दात मागायला सुरुवात केली. अणुचाचण्यांतून उडालेलं स्ट्रॉन्शियम-90 कॅल्शियमसारखं वागतं. ते गवतावर पडतं, गवत गाय खाते, गाईचं दूध मूल पितं आणि ते दातात जाऊन बसतं. 1970पर्यंत सुमारे 3 लाख 20 हजार दात जमले. दात पाठवणाऱ्या मुलाला छातीवर लावायला बिल्ला मिळे, आपण आपला दात विज्ञानाला दिला असं सांगणारा. 1961 साली पहिले निष्कर्ष ‘सायन्स’मध्ये छापून आले. उघड्यावरच्या अणुचाचण्यांवर बंदी घालणारा करार 1963 साली झाला, त्यामागच्या लोकमताला या दातांनी वजन दिलं. पोरांनी परीचे पैसे सोडून बिल्ला घेतला. आज आमच्या विंगमधली किती घेतील, त्याची मला शंका आहे.

दुसरं उदाहरण उलट्या दिशेचं. 2003 साली साँगटाओ शी आणि सहकाऱ्यांनी दुधाच्या दातांच्या गरात मूळपेशी असल्याचं दाखवलं. शींना ते सुचलं आपल्याच मुलीच्या पडलेल्या दातावरून. झालं, दात साठवून ठेवणाऱ्या खासगी बँका निघाल्या, आपल्याकडेही निघाल्या. आता पैसे पोराला मिळायचे नव्हते, आईबापांनीच मोजायचे होते, पुढेमागे काही आजार उद्भवलाच तर उपयोगी पडेल या आशेवर. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मात्र फक्त नाळेतल्या रक्ताच्या बँकांना मुभा ठेवली. दाताच्या गरासकट इतर जैविक पदार्थांची धंदेवाईक साठवण परवानगीत बसत नाही, असं त्यात साफ म्हटलं आहे. माहितीपत्रक कितीही गुळगुळीत असलं, तरी सही करण्याआधी हे वाचून घ्यावं.

दुधाच्या दाढा सगळ्यात शेवटी, दहा ते बारा या वयात पडतात. तोवर परीचं गुपित कधीच फुटलेलं असतं. कुणीतरी अर्धवट झोपेत आईचा हात ओळखलेला असतो, कुणाला कपाटाच्या खणात आपलेच आधीचे सात दात एका डबीत सापडलेले असतात. पण म्हणून हक्क कोणी सोडत नाही. सातवीतली एक पोरगी पडलेली दाढ बेसिनशेजारी ठेवते, तोंड धुते आणि बाहेर येऊन आईला सांगते, मोठी दाढ आहे, दीडशे होतात, बाबांच्या नंबरवर नको टाकूस, ते परत देत नाहीत.